टोक सोलताना

गेल्या श्रावणात मी चिपळूणला आईकडे होते. तिचा डिशचा बॉक्स बंद पडला होता, तो बदलायला एक मुलगा आला. विशी-बाविशीचा असेल. बाहेर पाऊस धरलेला. रेनकोट पडवीत काढून ठेवला तरी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, आणि लादीवर ओले ठसे उमटू नयेत म्हणून तो बराच वेळ पायपुसण्यावरच उभा राहिला. काम मात्र त्यानं झपाट्यानं केलं. खिडकीतून आत आलेली काळी वायर पकडीनं कापली, टोक दाढेखाली धरून गोल फिरवलं, आवरण ओढून खिडकीबाहेर थुंकलं, अंगठ्यानं खालची बारीक धातूच्या धाग्यांची जाळी मागे सारली, पकडीनं पांढरा भाग हिसडून काढला आणि त्यावर पिन पिळून बसवली. गॅसवरच्या चहाला उकळी यायच्या आत टीव्हीवर सह्याद्री लागलं होतं. "बघा काकू, आलं चित्र," तो म्हणाला. आई खूश झाली. चहा त्यानं उभ्याउभ्याच घेतला, कारण खेर्डीच्या कंप्लेंटी अजून बाकी होत्या.

त्यानं एकदाही वायरच्या टोकाकडे पाहिलं नाही.

चित्र आलं होतं, आई समोर बसून बातम्या बघत होती, तक्रार करावी असं काहीच नव्हतं. तरी जेवताना आणि नंतर ओटा आवरताना माझं लक्ष सारखं त्या टीव्हीच्या मागे जात होतं. मी रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुढची बरीच वर्षं दुरुस्ती आणि टेस्टिंगमध्ये गेली. जोडण्याआधी टोक बघायचं ही सवय हातात इतकी मुरलीय की कुणी ती पायरी गाळलेली दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. आई झोपल्यावर मी बॉक्सचा प्लग काढला आणि पिन उघडली. प्लग काढायचाच, नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही. याच वायरमधून बॉक्स वर गच्चीवरच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो, आणि उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या हे एलएनबीला या दोन आकड्यांवरूनच कळतं. चित्र वरून खाली येतं आणि वीज खालून वर जाते, दोन्ही एकाच तारेवर. जाळीचा एक धागा मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. चित्र तर जातंच, बॉक्सच्या सप्लायवरही ताण येतो.

बॅटरीच्या उजेडात आणि आईच्या चष्म्यातून मी ते टोक पाहिलं. जाळीचे निम्मेअधिक धागे दातांबरोबर तुटून गेले होते. आतला चंदेरी फॉइल एका बाजूनं फाटून वर आला होता. मधल्या तारेवर पकडीचा दात लागून एक आडवी खाच पडली होती, तिच्या तळाशी तांब्याऐवजी राखाडी चमक दिसत होती, आणि तारेभोवती पांढऱ्या फोमचा पातळ पापुद्रा तसाच चिकटून राहिला होता. केसापेक्षा बारीक असा जाळीचा एक धागा पांढऱ्या भागावरून आडवा येऊन मधल्या तारेच्या अगदी जवळ थांबला होता. टीव्हीमागची वायर झाडू मारताना जराशी हलली असती तरी पुरे होतं.

हे बघायला मला शिकवलं ते आमच्या आळीतल्या केबलवाल्या काकांनी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आखाती युद्धानंतर शहरांत आलेली केबल आमच्या गावात उशिरानं पोचली, पण पोचली ती अशी की वर्षभरात आंब्याफणसांच्या फांद्यांवरून, विजेच्या खांबांवरून, देवळाच्या मागच्या भिंतीवरून काळ्या वायरींचं जाळं झालं. सिग्नल वाढवणारा बूस्टर आमच्या पडवीत लावला होता. ज्याच्या घरची वीज बूस्टरला, त्याला केबल फुकट, असा तेव्हा सगळीकडेच रिवाज होता. आमच्याकडे फ्यूज उडाला की सगळ्या आळीचे टीव्ही मुंग्यांनी भरायचे आणि लोक आमच्या फाटकाशी जमायचे. बूस्टरपाशी काकांची सतत ये-जा असायची आणि बॅटरी धरायचं काम माझ्याकडे असायचं. "बाय, नीट धर गो, माझ्या सावलीत नको," असं ते दर दोन मिनिटांनी म्हणायचे. बांबूच्या चिपेत बसवलेलं अर्धं ब्लेड, पकड, काळी टेप आणि खिशात पिनांची पुडी, एवढीच त्यांची हत्यारं.

वायर कापली की काका पहिल्यांदा थांबायचे. टोक उजेडाकडे करून एक डोळा मिटून बघायचे. जाळी बोटांनी उलगडून तिचा रंग बघायचे. तेव्हा जाळीही तांब्याची असे. ती हिरवट किंवा काळी दिसली की पुढे काही न करता वीतभर मागे जाऊन पुन्हा कापायचे, पुन्हा बघायचे. "लाल दिसेस्तोवर कापत जायचं," ते म्हणायचे. कधीकधी लाल दिसेस्तोवर हातभर वायर जायची, आणि मग मधे जोड द्यावा लागू नये म्हणून ते मागची सगळी वायर झाडावरून ओढून घ्यायचे. मधल्या तारेवरचा पापुद्रा ते ब्लेडनं कधीच काढत नसत, अंगठ्याच्या नखानं काढायचे, दोनदा, तिसऱ्यांदा फुंकर मारून. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला मधोमध एक बारीक चर पडली होती. मला ती फार आवडायची. आपल्या नखालाही अशी चर पडावी असं मला वाटायचं.

त्यांना हे कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. मी डिप्लोमाला गेले तेव्हा मात्र त्या प्रत्येक हालचालीमागचं कारण एकेक करून सापडत गेलं, आणि ते सापडताना झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. या वायरीची कल्पना टीव्हीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या इंग्रज माणसानं १८८० साली तिचं पेटंट घेतलं. तो तारखात्यातला माणूस, लहानपणच्या आजारानं कानानं अधू, कुठल्याही विद्यापीठात न गेलेला. घरी बसून स्वतःच गणित शिकला आणि तारेतून संदेश जातो तेव्हा नेमकं काय होतं ते शोधत राहिला. ती तार प्रत्यक्ष कामाला लागायला पन्नास वर्षं गेली. अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीच्या लॉईड एस्पेनशीड आणि हर्मन अॅफेल या दोघांनी १९२९ साली अर्ज केला, १९३१ साली त्यांना पेटंट मिळालं, आणि एका नळीतून शेकडो टेलिफोन किंवा टीव्हीचं चित्र पाठवता येईल हे त्यातून पुढे आलं. हेविसाइडच्या डोक्यातली मूळ गोष्ट अगदी साधी होती. एक तार मधे, दुसरी तिच्याभोवती नळी होऊन, आणि दोघींचा मध्य एकच. लहर मधल्या तारेच्या आतून जात नाही, ती या दोघींच्या मधल्या जागेतून जाते. धातू फक्त तिला वाट दाखवतात.

हे एकदा कळलं की वायरीकडे बघण्याची नजरच बदलते. आपण ज्याला नुसतं आवरण समजून दातांनी हिसडतो, तो पांढरा फोम म्हणजेच खरा रस्ता. आपल्या घरातल्या आरजी-६ वायरीत मधली तार साधारण १ मिलिमीटर, भोवतालचा फोम साडेचार मिलिमीटरच्या आसपास, वरून फॉइल, जाळी आणि आवरण मिळून ७ मिलिमीटरला किंचित कमी. यातल्या पहिल्या दोन मापांच्या प्रमाणावरून आणि फोमच्या जातीवरून तिचे ७५ ओहम ठरतात. हा लहरीला जाणवणारा अडथळा, मल्टिमीटरवर दिसणारा नव्हे. वायर १ मीटर असो की १०० मीटर, ते ७५ च राहतात. बाहेरची नळी चेपली, कुठे खिळा जोरात ठोकला गेला, कोपऱ्यावर काटकोनात मुडपली, की त्या एका जागी प्रमाण बदलतं. तिथे पोचलेली लहर सगळीच्या सगळी पुढे जात नाही, थोडी उलटी फिरते.

जुन्या टीव्हीवर ही उलटी फिरलेली लहर डोळ्यांना दिसायची. निवेदिकेच्या उजव्या अंगाला तिचीच फिकट सावली. चित्राची एक रेघ ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते, आणि या वायरीत लहर एका मायक्रोसेकंदाला दोनशे ते अडीचशे मीटर जाते. टीव्हीपाशी थोडी परावर्तित होऊन ती दोषापर्यंत मागे गेली आणि तिथून पुन्हा टीव्हीकडे आली, तर तेवढ्या उशिरानं तेच चित्र पुन्हा उमटतं. २१ इंची पडद्यावर एक मायक्रोसेकंद म्हणजे साधारण ८ मिलिमीटर. सावली ८ मिलिमीटर सरकलेली असेल तर दोष शंभर-सव्वाशे मीटरवर, म्हणजे आळीच्या तोंडाशी. कड नुसती दुहेरी दिसत असेल तर घरातच. काका सावलीला बोट लावून बघायचे आणि सायकल काढायची की स्टूल, ते ठरवायचे. हे गणित त्यांनी कधी मांडलं नसेल. ते बरोबर यायचं हे मात्र मी पाहिलंय.

आता सावली दिसत नाही.

मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर केबल डिजिटल झाली, पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूर, आणि तालुक्यांपर्यंत ते सगळं यायला आणखी काही वर्षं. डिशवर तर आधीपासूनच डिजिटल. चित्र स्वच्छ झालं यात वादच नाही. मी स्वतः मुंग्यांमधून क्रिकेट बघून डोळे बिघडवलेत, तो काळ परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण डिजिटल चित्र आपला आजार सांगत नाही. सिग्नल हळूहळू निम्म्यावर आला तरी ते तितकंच लख्ख दिसत राहतं, आणि मग एका मर्यादेखाली गेलं की आधी चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. ती मर्यादा आणि आपला सिग्नल यांच्यात किती जागा उरलीय हे पडद्यावरून कळत नाही. कारागिराला जी खूण डोळ्यासमोर मिळायची ती गेली, आणि "चित्र आलं ना?" हीच एक परीक्षा उरली. या परीक्षेत त्या मुलाचं काम पास झालं होतं.

ती उरलेली जागा कशी खर्च होते, ते सांगते. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. तिथून येणारी लहर ११-१२ गिगाहर्ट्झची, ती आहे तशी वायरमधून उतरवता येत नाही म्हणून एलएनबी तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणतो. चांगली आरजी-६ वायरसुद्धा ९५० ला दर १०० मीटरमागे २० डेसिबल खाते. म्हणजे १०० मीटरनंतर शंभरातला एकच भाग शिल्लक. वरच्या टोकाला त्याहून जास्त. घरात वीस-पंचवीस मीटर असते म्हणून भागतं. त्यात दोन टीव्हींसाठी वाटणारा स्प्लिटर लावला की साडेतीन डेसिबल गेले. जाळी अर्धी तुटलेली, फॉइल फाटलेला असेल तर बाहेरची भर वेगळी, कारण मोबाइलचे १८०० आणि २१०० चे पट्टे याच मर्यादेत पडतात, उघड्या टोकातून ते आत शिरतात. हे सगळं कोरड्या दिवशी झाकून जातं. पुढे आषाढातली एखादी जोरदार सर येते. १२ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, शिल्लक जागा तिथेच संपते आणि टीव्ही बंद. आपण म्हणतो, "पाऊस आला, डिश गेली." कोकणात हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की कुणी वायरकडे जाऊन बघतच नाही. पावसाचा वाटा असतोच, मोठ्या सरीत चांगली जोडणीही दोन मिनिटं जाते. पण साध्या रिमझिमीत ज्यांची डिश जाते, त्यांची ती कोरड्या उन्हाळ्यात, टोक बसवलं त्याच मिनिटाला गेलेली असते.

पाणी आत कसं जातं, हे मी २०२१ नंतर फार जवळून पाहिलं. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. आमच्यापैकी कुणाला ते आठवून द्यावं लागत नाही. चिखल काढून झाल्यावर काही आठवड्यांनी नातेवाइकांच्या तळमजल्यावरच्या वायरी मी उघडल्या होत्या. आवरण वरून धुतल्यावर नव्यासारखं दिसत होतं. टोक कापलं तर जाळीत राखाडी-पांढरी भुकटी. आता जाळी अॅल्युमिनियमची असते, ती भिजली की अशी होते. तांब्यासारखी हिरवी पडत नाही, म्हणून नवख्याला ती बुरशी किंवा चुना वाटते. वीतभर मागे कापलं, तिथेही भुकटी. हातभर मागे कापलं, तिथेही ओल. पाणी जाळीच्या धाग्यांमधून वर चढत जातं, समईतल्या वातीनं तेल ओढावं तसं, आणि पुराची रेघ भिंतीवर जिथे होती त्याच्याही वर ते गेलेलं सापडतं. फोमची वीज साठवून धरायची क्षमता (परावैद्युतांक) हवेच्या दीडपट, पाण्याची ऐंशीपट. लहरीच्या रस्त्यात असं पाणी पसरलं की ७५ ओहम राहतच नाहीत. त्या घरांत मी सगळ्यांना एकच सांगितलं होतं. टोक बदलून उपयोग नाही, पाइपातली पूर्ण वायर ओढून काढा. काहींनी काढली. काहींकडे तेव्हा भिंतीला रंग द्यायलाही पैसे नव्हते, त्यांना मी आग्रह केला नाही.

वायर विकत घेण्याबद्दलही दोन शब्द. दुकानात तुम्ही "डिशची वायर द्या" म्हणालात की तो मीटरवर मोजून जी देतो, तिची मधली तार लालसर दिसते आणि आपण ती तांब्याची धरून चालतो. बहुतेक वेळा ती पोलादाची असते, वरून तांब्याचा मुलामा. भंगारवाल्याला हे आपल्याआधी कळतं. तो खिशातलं लोहचुंबक लावतो आणि तांब्याचा भाव द्यायला नकार देतो. यात फसवणूक आहेच असं नाही. १ गिगाहर्ट्झची लहर तांब्याच्या वरच्या २ मायक्रॉनमध्येच वाहते, त्यामुळे चित्रापुरतं बोलायचं तर मुलामा पुरतो, आणि पोलादामुळे तार ताठ राहून पिनेत सरळ बसते. पण एलएनबीला जाणारी वीज पूर्ण तारेतून जाते, आणि तिला पोलादी तार निव्वळ तांब्याच्या चार-पाच पट अडवते. गच्ची लांब असेल, खालच्या मजल्यापर्यंत वायर न्यायची असेल, तर १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत कमी होतात आणि अर्धीच चॅनेलं लागतात. तेव्हा अख्ख्या तांब्याची वायर घ्यावी. आणि मुलाम्याच्या तारेवर खाच पडू द्यायची नाही ती यासाठी की तिथून पोलाद उघडं पडतं, गंजतं, आणि तार तिथेच तुटते. आईकडच्या टोकात जी राखाडी चमक दिसली होती, ती हीच.

ते टोक मी त्या रात्रीच पुन्हा केलं. त्यात जे सुख आहे ते मला नीट सांगता येईल की नाही, बघते. आधी सरळ, काटकोनात काप. कापताना पकडीनं वायर चपटी होते, म्हणून बोटांनी फिरवून पुन्हा गोल करायची. मग टोकापासून १२-१३ मिलिमीटरवर आवरणावर ब्लेड टेकवून, ब्लेड न दाबता वायर फिरवायची. आवरण पूर्ण कापायचं नाही, कापत आणायचं आणि वाकवून तोडायचं, म्हणजे खालच्या जाळीला पातं लागत नाही. आवरण निघालं की जाळी दिसते, ती अगदी हलक्या हातानं मागे विंचरायची, एकेक धागा, आणि आवरणावर सगळीकडून सारखी पालथी घालायची. एकही धागा पुढे राहता कामा नये. फॉइल फोमला चिकटलेला तसाच राहू द्यायचा. मग पुढचा ६ मिलिमीटर फोम फॉइलसकट काढायचा, इथेही पातं तांब्यापर्यंत न नेता. पुढे नख. तारेवरून नख फिरवलं की आधी ते किंचित अडखळतं, पापुद्रा गोळा होतो, मग एकदम घसरतं, आणि तांबं बॅटरीच्या उजेडात लाल होतं. पिन घालून दाबली की आत बघायचं. पांढरा फोम पिनेच्या आतल्या तळाशी अगदी सपाट यायला हवा, आणि तार कडेबाहेर जेमतेम २ मिलिमीटर. कमी असेल तर टेकत नाही, जास्त असेल तर बॉक्सच्या आतली पकड सैल करते. शेवटी मल्टिमीटर. दोन्ही टोकं मोकळी ठेवून तार आणि जाळी यांच्यात काहीही दाखवू नये. दुसऱ्या टोकाला दोन्ही एकत्र टेकवली की दोन-चार ओहम दिसावेत. पहिल्यात काही दिसलं तर शॉर्ट, दुसऱ्यात काहीच दिसलं नाही तर कुठेतरी तुटलंय. सकाळी वर जाऊन एलएनबीच्या बाजूचं टोकही केलं, पिनेवर टेप खालून वर गुंडाळली, म्हणजे वरची घडी खालच्या घडीवर येते आणि पाणी जोडावरून ओघळून जातं. खिडकीपाशी वायरला खाली एक झोळ दिला. तिथून थेंब बाहेरच गळतो, वायरीच्या कडेनं आत येत नाही.

या सगळ्याला अर्धा तास गेला. आणि तिथेच माझं मन दुभंगतं. तो मुलगा मला चुकलेला वाटतच नाही. त्याला महिन्याचा पगार नव्हता, कंप्लेंटीमागे ठरावीक रक्कम मिळत होती, पेट्रोल त्याचं स्वतःचं. कॉम्प्रेशनच्या पिना महाग, त्यांचं दाबयंत्र आणखी महाग, आणि त्याच्या पिशवीत कुणी ते दिलेलं नव्हतं. पिळायची पिन मिळाली, तीच त्यानं वापरली. एका टोकाला अर्धा तास दिला असता तर खेर्डीच्या कंप्लेंटी राहिल्या असत्या, आणि घरी चूल कशावर पेटणार होती? काका स्वतःच्या केबलचे मालक होते. टोक वाईट बसलं तर पुन्हा त्यांनाच यावं लागे, म्हणून बघणं त्यांच्या हिताचं होतं. या मुलानं बसवलेलं टोक पावसात गेलं, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावरची नवी कंप्लेंट होणार. बघायचा वेळच ज्याच्या कामातून कापून टाकलाय, त्याला तू बघत का नाहीस असं कुठल्या तोंडानं विचारायचं? आणि तरीही, ते टोक दातांत जाताना पाहिलं तेव्हा मला जे वाटलं ते रागच होतं. दोन्ही खरं आहे. मी एकाला दुसऱ्यात विरघळवू शकलेले नाही.

पुण्याला आमच्या इमारतीत आता फायबर आलंय. जिन्यातल्या पेटीपाशी एक तंत्रज्ञ मांडी घालून बसला होता आणि मी पाण्याची बाटली द्यायच्या निमित्तानं तिथेच रेंगाळले. १२५ मायक्रॉनचा काचेचा धागा. त्यानं आवरण काढलं, स्पिरिटच्या कापसानं पुसलं, छोट्या यंत्रात घालून टोक कापलं, आणि दोन्ही टोकं जोडयंत्रात समोरासमोर ठेवली. यंत्राच्या पडद्यावर ती दोन टोकं मोठी होऊन दिसायला लागली. एकाची कड तिरकी होती. यंत्रानं जोडायला नकार दिला. त्यानं काहीही न बोलता ते टोक पुन्हा कापलं, पुन्हा पुसलं, पुन्हा ठेवलं. मग ठिणगी, आणि किती सिग्नल जोडात गेला त्याचा आकडा. मी त्याला विचारलं, आधी काय करत होतात? "डिशचंच करत होतो ताई," तो म्हणाला. "तिथं कोण बघतंय? हे मशीन सोडतच नाही." मला ते यंत्र फार आवडलं. काकांचा तो उघडा डोळा त्यात कुणीतरी बसवून दिलाय, आणि तो कंपनीला वगळता येत नाही.

फायबर आल्यावर सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला की डक्टमधल्या जुन्या काळ्या वायरी ओढून फेकून द्याव्यात. मी हात वर करून नको म्हटलं. गच्चीवर सामाईक डिश आहे, वरच्या मजल्यांवरची ज्येष्ठ मंडळी अजून तिच्यावरच टीव्ही बघतात, आणि वायर वाईट आहे की फक्त टोकं, हे कुणी तपासलेलंच नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग तपासून द्या. दिवाळीआधी गच्चीवरची सगळी टोकं उघडायची ठरलीय. पहिल्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीला मी बॅटरी धरायला बोलावलंय, आणि पिनांची पिशवी, दाबयंत्र आणि नवी ब्लेडं कालच अप्पा बळवंत चौकाच्या पलीकडून आणून ठेवली आहेत.